तेरावे पार्वण कोणाचे?

रसिक : महिने बारा आणि पार्वणे तेरा, अशी बंगाली माणसाची स्वतःविषयीची एक म्हण आहे, आणि ज्याने त्या प्रांतात एक सबंध वर्ष काढले असेल, तो तीत अतिशयोक्ती पाहण्याऐवजी हिशेब फार संकोचाने मांडला आहे असेच म्हणेल. वैशाखाच्या पहिल्या दिवशी नव्या वहीचे पूजन, ज्येष्ठात जावयाची षष्ठी, आषाढात रथ, श्रावणात मनसा, भाद्रपदाच्या संक्रांतीला विश्वकर्मा, आश्विनात दुर्गा आणि तिच्या पाठोपाठ कोजागरीची लक्ष्मी, कार्तिकात काली आणि भाऊबीजेचा टिळा, अग्रहायणात नवान्न, पौषात खजुराच्या गुळाची पिठे, माघात सरस्वती, फाल्गुनात दोल आणि चैत्राच्या अखेरीस शिवाचे गाजन; ऋतू, शेत, स्वयंपाकघर आणि देव्हारा यांना इतक्या सलगपणे एका सूत्रात ओवणारी योजना मला तरी अन्यत्र क्वचितच दिसली. ही योजना कोणी एका स्मृतिकाराने आखलेली नाही. ती लोकांनी आपल्या जगण्यातून घडवली आहे, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

साशंक : यादी तुम्ही रसाळपणे वाचलीत, परंतु तिला जमाखर्चाचा रकाना नाही, आणि माझी शंका नेमकी त्याच रकान्याविषयी आहे. ज्या पहिल्या वैशाखापासून तुम्ही आरंभ केलात तोच घ्या. बंगाली सनाचा उगम कोणी शशांक राजापर्यंत नेतात, कोणी अकबरापर्यंत. पण ज्या रूपात तो खेडोपाडी रुजला ते रूप महसुलाच्या सोयीचे होते. हिजरी सन चांद्र, तो दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणार, आणि पीक हाती येण्यापूर्वीच वसुलीची तारीख दाराशी येऊन उभी राहणार. म्हणून अकबराच्या दरबारातील फतहउल्ला शिराझीने सौर गणनेचा तोडगा काढला असे सांगतात. आपल्या पेशवे दप्तरातला सुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होई, त्यामागची विवंचना याहून निराळी नव्हती. रयतेने चैत्राअखेर मागचा सारा चुकता करावा आणि जमीनदाराच्या कचेरीत ‘पुण्याह’ नावाच्या समारंभात नव्या सालाचा पहिला हप्ता नजर करून मिठाई खाऊन परतावे, असा तो शिरस्ता. शहरी दुकानदाराचा ‘हालखाता’ ही त्याच कचेरीची धाकटी पाती : लाल कापडात बांधलेली कोरी वही पहाटे कालीघाटला न्यायची, शेंदराने माखलेल्या नाण्याचा ठसा पहिल्या पानावर उमटवायचा, आणि सायंकाळी गिऱ्हाइकाने मागील बाकीपैकी काही रक्कम भरून मिठाईचा पुडा आणि भिंतीवरचे पंचांग घेऊन घरी जायचे. ज्याच्याकडे भरायला काही नाही तो त्या सायंकाळी दुकानाची गल्लीच टाळतो. मग ही योजना लोकांनी घडवली म्हणायचे, की लोकांकडून जे घ्यायचे होते त्याभोवती ती घडली?

रसिक : वहीला गंधफूल आपणही दिवाळीच्या पाडव्याला वाहतो, तेवढ्यावरून दिवाळी हा सावकाराचा सण ठरत नाही. सणात पैसा असतो हे मान्य. पण सणाचा उगम पैशात असतो हे त्यावरून सिद्ध होत नाही. तुम्ही कचेरीतून पाहता, म्हणून तुम्हाला कचेरी दिसते. जरा माजघरातून पाहा. भाद्रपदाच्या संक्रांतीला दक्षिण बंगालमधील अनेक घरांत ‘अरंधन’ पाळतात. आदल्या रात्री घरातल्या बायका जागून रांधतात : अळूच्या पानांची भाजी, डाळ, नारळ घातलेले प्रकार, तळलेला इलिश मासा, ‘चालता’ नावाच्या फळाची आंबट आमटी, आणि शिजवून पाण्यात भिजत ठेवलेला भात. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही. ती सारवून, तिच्यापुढे तांदळाच्या पिठीची आलपना काढून, तिच्यापाशी निवडुंगासारख्या सीज झाडाची फांदी मनसादेवी म्हणून ठेवतात आणि तिला तो थंड नैवेद्य दाखवून मग घरची माणसे जेवतात. मनसा ही सर्पांची देवता. पावसाळा सरता सरता बिळे पाण्याने भरलेली असतात आणि कोरड्या, उबदार जागेच्या शोधात साप जिथे हटकून शिरतो ती जागा म्हणजे चूल. या व्रताला पुरोहित बहुधा लागत नाही, वर्गणी लागत नाही, कोणा जमीनदाराची सनद लागत नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांनी ‘बांगलार ब्रत’ हे पुस्तक लिहिले ते अशाच व्रतांवर; त्यात त्यांनी शास्त्रोक्त व्रते आणि बायकांची स्वतःची व्रते यांत भेद केला आणि जमिनीवरची आलपना ही रेखाटलेली कामना आहे असे मांडले. दाराकडून कोठीकडे जाणारी लक्ष्मीची पावले काढणारी बाई कोणाच्या वसुलीत भर घालते, ते मला सांगा.

साशंक : ती कोणाच्याच वसुलीत भर घालत नाही, हे खरे, पण तिच्या जागरणाची मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही, हेही तितकेच खरे. रात्रभर रांधून दुसऱ्या दिवशी चुलीला विश्रांती देणाऱ्या सणात रांधणारीला विश्रांती कधी मिळते, हे विचारणे अगदीच अरसिकपणाचे होईल का? आणि जामाईषष्ठी घ्या. षष्ठी ही मुळात लेकरांचे रक्षण करणारी देवी, आईने आपल्या अपत्यांसाठी आराधावी अशी. पण त्या व्रताचे ताट ज्याच्यापुढे वाढले जाते तो जावई. सासू ताडाच्या पंख्याने त्याला वारा घालते, आंबे, मिष्टी, मासे यांची रांग लागते, आणि मुलगी सुखात राहावी म्हणून मुलीच्या धन्याला संतुष्ट ठेवण्याची ही वार्षिक तजवीज आपल्याकडच्या धोंड्याच्या महिन्याची आठवण करून देते. फरक इतकाच, की आपला अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो. ही व्रते बायकांची स्वतःची आहेत, हे तुमचे म्हणणे मी मोडीत काढत नाही. परंतु ‘स्वतःची’ या दाव्यात काय येते आणि काय येत नाही ते तपासल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

रसिक : तपासा, पण त्या माजघराचे सामर्थ्यही त्याच तपासणीत येऊ द्या. 16 ऑक्टोबर 1905 रोजी कर्झनची वंगभंगाची आज्ञा अमलात आली. त्या दिवशी काय करावे याचा विचार बंगालच्या पुढाऱ्यांना पडला तेव्हा रवींद्रनाथांनी राखी सुचवली आणि रामेंद्रसुंदर त्रिवेदींनी अरंधन सुचवले. प्रांताचे दोन तुकडे होत असताना घरोघर चूल पेटू नये, एवढेच. सभेत न येणाऱ्या, वर्तमानपत्र न वाचणाऱ्या बाईला त्या दिवसाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. न पेटलेल्या चुलीची भाषा तिला पूर्वीपासून अवगत होती. त्रिवेदींनी तर त्यासाठी ‘बंगलक्ष्मीर ब्रतकथा’ व्रतकथेच्याच घाटात लिहिली. राजकारणाला जेव्हा घरात शिरायचे होते, तेव्हा त्याला या सणांच्या उंबऱ्यावर चपला काढाव्या लागल्या. याला मी लोकांची सत्ता म्हणतो.

साशंक : तुम्ही दाखला दिलात तोच माझ्या उपयोगाचा आहे. चूल बंद ठेवण्याची ती भाषा कोणाला अवगत होती? कलकत्त्याच्या आणि जिल्ह्याच्या गावच्या हिंदू भद्रलोक, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्णीय, घरांना. पूर्व बंगालच्या मुसलमान कुळाला नव्हती. त्याचा जमीनदार बहुधा हिंदू, त्याचा सावकार हिंदू, आणि तेच लोक त्याला स्वस्त विलायती कापड टाकून महाग देशी कापड घे असे सांगत होते. रवींद्रनाथांना हे लवकर उमगले आणि ते त्या चळवळीपासून दूर झाले. आणि यात आपल्या प्रांताचाही वाटा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मूळच्या मराठी घराण्यातले पण बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊसकर यांनी बंगालात शिवाजी उत्सव रुजवण्याची खटपट केली, त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 1904 मध्ये शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. आणि 1906 च्या जूनमध्ये लोकमान्य टिळक कलकत्त्यास गेले तेव्हा त्या उत्सवात भवानीच्या मूर्तीची पूजा मांडली गेली. त्या मूर्तीपुढे ब्राह्मसमाजी अवघडले आणि मुसलमान दूर राहिले. सण माणसांना एकत्र आणतो हे खरे. पण एकत्र आणताना तो कोणाला तरी दाराबाहेर उभे करतो, आणि आत बसलेल्यांना ते दिसत नाही.

रसिक : म्हणून तर मी तुम्हाला त्याच पूर्व बंगालात घेऊन जातो. ढाक्याचा पहिला वैशाख पाहा. पाकिस्तानी अमदानीत रेडिओवरून रवींद्रसंगीतावर बंदीची भाषा झाली ते वर्ष 1967, आणि ‘छायानट’ या संस्थेने रमना उद्यानातल्या झाडाखाली पहाटे गाणी गाऊन नववर्षाचे स्वागत करण्याची प्रथा सुरू केली तेही 1967. देव नाही, मूर्ती नाही, पुरोहित नाही, मौलवीही नाही; पहाट, गाणे आणि पांढऱ्या-तांबड्या साड्यांची गर्दी. 1989 मध्ये, लष्करी राजवट असताना, ढाका विद्यापीठाच्या चारुकला विभागाच्या विद्यार्थ्यांनी कागद-बांबूचे प्रचंड पक्षी, वाघ आणि मुखवटे घेऊन शोभायात्रा काढली. 2001 मध्ये रमनात बॉम्ब फुटून माणसे मेली, तरी पुढच्या वर्षी लोक पुन्हा त्याच झाडाखाली बसले. जो सण अकबराच्या वसुलीसाठी जन्मला असे तुम्ही म्हणता, त्या सणासाठी लोक जिवावर उदार होतात, याचा खुलासा तुमच्या जमाखर्चात कसा करणार?

साशंक : तो खुलासा मला करता येणार नाही, हे मी सरळ कबूल करतो. मात्र त्याच रमनात विकल्या जाणाऱ्या पान्ता-इलिशकडे थोडे पाहा. पाण्यात भिजलेला शिळा भात हे शेतकऱ्याचे रोजचे सकाळचे खाणे. सोबत मीठ, कांदा आणि मिरची. वैशाखात इलिशचा हंगामच नसतो, आणि तो मासा कुळाच्या थाळीत असण्याइतका स्वस्त कधी नव्हता. शहरातल्या माणसांनी गेल्या काही दशकांत ही जोडी जुळवली, ती प्राचीन परंपरा म्हणून मिरवली, आणि ती मागणी पुरवण्यासाठी वाढत्या इलिशवर जाळी पडू लागली. गरिबीचे खाणे वर्षातून एक दिवस हौसेने महाग करून खाणे, हा नागर सणांचा स्थायीभाव आहे. आता नवान्न घ्या. नवान्न म्हणजे नव्या अमन भाताचे तांदूळ, दूध, गूळ, नारळ एकत्र करून आधी कावळ्याला आणि मग माणसांना देण्याचा दिवस. त्या नावाचे नाटक बिजन भट्टाचार्यांनी लिहिले आणि ते 1944 मध्ये रंगभूमीवर आले, ते आदल्या वर्षीच्या दुष्काळात लक्षावधी माणसे कलकत्त्याच्या पदपथांवर आणि खेड्यांत अन्नावाचून मेली त्यानंतर. भात पिकवणारे मेले, आणि पंचांगात नवान्नाची तिथी जिथल्या तिथे होती.

रसिक : ते नाटक त्या सणाचे नाव घेते, हेच तुम्ही विसरता. सण नसता, तर त्या मरणाची विसंगती दाखवायला नाटककाराजवळ कोणते माप होते? भुकेल्या समाजाला आपली भूक अन्याय म्हणून ओळखता येते, कारण कधीतरी कोठी भरलेली असावी अशी एक तिथी त्याने मनात राखलेली असते. पण हे राहू द्या. तुमचा सगळा रोख शेवटी दुर्गापूजेवर आहे, हे मी जाणून आहे. तेव्हा तिकडेच वळू.

साशंक : वळूच. आणि आरंभ आपल्याच लोकांपासून करू. 1742 च्या आश्विनात नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगाली लोक भास्कर पंडित म्हणून ओळखतात, त्यांनी काटव्याजवळ दाँईहाट येथे दुर्गापूजा मांडली. खर्च भागवला कोणी? आसपासच्या जमीनदारांकडून जुलमाने वसूल केलेल्या रकमेने. पूजा आटोपण्यापूर्वीच अलीवर्दीखानाची फौज पहाटे चालून आली आणि मराठे देवीला तिथेच सोडून पळाले. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, त्या धामधुमीचे वर्णन आहे. ते मराठी वाचकाने एकदा तरी वाचावे, म्हणजे वर्गणी कशी गोळा होते याचे एक जुने चित्र डोळ्यांसमोर येईल. पुढे पलाशीनंतर कलकत्त्याच्या नव्या धनिकांच्या वाड्यांत पूजा थाटल्या, साहेबलोकांना नाच दाखवला गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुगळी जिल्ह्यातील गुप्तीपाड्याला बारा जणांनी वर्गणीची पूजा मांडली, विसाव्या शतकात ती ‘सार्वजनीन’ झाली, 1938 च्या सुमारास बागबाजारच्या पूजेचे अध्यक्षपद सुभाषबाबूंकडे होते, आणि आता? 2018 पासून राज्य सरकार मंडळांना अनुदान देते; तेव्हा ते प्रत्येकी 10,000 रुपये होते, 2024 मध्ये 85,000 झाले. सरदार, दिवाण, बाबू, मंडळ, कंपनी, सरकार. देवीच्या पाठीमागे उभा राहणारा बदलत गेला, जागा कधी रिकामी राहिली नाही.

रसिक : आणि देवीच्या पुढे उभा राहणारा? तो मात्र बदलला नाही. तुम्ही आश्रयदात्यांची वंशावळ सांगितलीत, मी हातांची सांगतो. कलकत्त्यातल्या कुमारटुलीच्या, मूर्तिकारांच्या वस्तीच्या, अरुंद गल्लीत जा. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने घट्ट आवळलेला भाताचा पेंढा. त्या पेंढ्यालाच आधी कंबर, खांदे, उचललेला पाय असा बाक दिलेला असतो, की माती लागण्यापूर्वीच महिषावर रोखलेला आवेश ओळखू यावा. मग कोंडा मिसळलेल्या चिकट मातीचा पहिला हात, तो वाळून तडकला की तडांवर मातीत भिजवलेल्या चिंध्या, वरून बारीक पोताच्या मातीचा दुसरा हात, बोटे निराळी घडवून मनगटाशी जोडलेली, मग खडूचा पांढरा लेप, आणि चिंचोक्याच्या खळीत कालवलेले रंग. डोळे सर्वांत शेवटी. देवीचे केस तागाचे, आणि ते तयार करणाऱ्या हावडा जिल्ह्यातल्या कारागिरांत कित्येक घरे मुसलमान. दशमीला हे सारे गंगेत सोडायचे, ही गोष्ट त्या मूर्तिकाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. 2021 मध्ये युनेस्कोने कलकत्त्याची दुर्गापूजा मानवजातीच्या वारशात नोंदवली ती केवळ रोषणाईमुळे नव्हे. आणि लोकांचा अधिकार म्हणाल, तर 1976 आठवा. महालयाच्या पहाटे आकाशवाणीवर वीरेंद्रकृष्ण भद्रांचा चंडीपाठ ऐकण्याची प्रथा 1930 नंतरच्या दशकात पडली. आणीबाणीच्या त्या वर्षी तो कार्यक्रम बदलून उत्तमकुमारांच्या आवाजातला नवा लावला गेला. उत्तमकुमार म्हणजे बंगालचे आराध्य. तरीही लोकक्षोभ असा झाला, की जुना पाठ परत आणावा लागला. ज्या काळात माणसे कुजबुजतसुद्धा नव्हती, त्या काळात एका सरकारी खात्याने श्रोत्यांपुढे माघार घेतली. त्या पहाटेचे धनी कोण होते?

साशंक : ऐकणारे होते, आणि हा दाखला माझ्या हिशेबात बसत नाही, म्हणून मी तो जपून ठेवीन. परंतु ऐकण्याचीही एक उलटी बाजू आहे. पुरुलियाकडचे काही आदिवासी समूह त्याच दिवसांत ‘हुदुड दुर्गा’ नावाच्या आपल्या राजाचा शोक पाळतात. त्यांच्या कथेत मारला गेला तो राजा, आणि तुमच्या मंडपात तो महिषासुर. बळीराजाचे नाव घेतल्याशिवाय ज्यांची दिवाळी होत नाही त्या आपल्या शेतकऱ्यांना हे चटकन उमगावे. आणि कारागिराच्या हातांचे तुम्ही वर्णन केलेत, त्यात मला ढोलवाल्याचे हात घालू द्या. बांकुडा, मुर्शिदाबाद, वर्धमान इकडच्या खेड्यांतले ढाकी, बहुतेक भूमिहीन आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले, पूजेच्या दोन-तीन दिवस आधी शियालदह स्थानकाबाहेर जमतात. प्रत्येकाच्या गळ्यात पिसांनी सजवलेला भला मोठा ढाक, बरोबर काशाची थाळी वाजवणारे पोर. मंडळाचा माणूस आला की सगळे एकदम वाजवू लागतात. तो ऐकतो, घासाघीस करतो, एखाद्या जोडीला घेऊन जातो. ज्यांना गिऱ्हाईक मिळत नाही ते षष्ठीच्या रात्रीपर्यंत तिथेच वाजवत राहतात. ब्रिटिश कौन्सिलने 2019 च्या पूजेभोवतीची उलाढाल 32,377 कोटी रुपयांची मोजली. त्या रकमेतला किती भाग त्या थाळी वाजवणाऱ्या पोरापर्यंत पोचतो, हे विचारताना मला देवीचा अवमान होतो असे वाटत नाही.

रसिक : मलाही वाटत नाही. पण एक सांगा : उद्या सरकारने अनुदान थांबवले, कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, तर पूजा बंद पडेल?

साशंक : पडणार नाही. लहान होईल.

रसिक : आणि ढाकी शियालदहला आले नाहीत तर?

साशंक : तर ती पूजा होईल असे मला वाटत नाही. सांज-सकाळच्या आरतीला, अष्टमी-नवमीच्या संधिक्षणी एकशे आठ दिवे लागतात तेव्हा, ढाकाचा ठोका नसेल तर बंगाली माणूस तिला पूजा म्हणणार नाही. पण तुम्ही यातून जो निष्कर्ष काढू पाहता तो मी काढू देणार नाही. ज्यांच्यावाचून सण होत नाही त्यांचाच तो सण, असे तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, ज्यांच्यावाचून तो होत नाही त्यांना तो घरी साजरा करता येत नाही. ढाकी दशमीपर्यंत परक्या मंडपात वाजवतो, त्याच्या गावची पूजा त्याच्यावाचून होते, आणि पोरांना नवे कपडे मिळायचे ते तो मजुरी घेऊन परतल्यावर.

रसिक : मग मी माझे म्हणणे थोडे आवरते घेतो. सण लोकांनी घडवले, असे मी सरसकट म्हणालो. म्हणायला हवे होते ते असे, की लोकांनी ते दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत घडवले, आणि मालक बदलत गेले तरी घडवणे सोडले नाही. चैत्रातले गाजन पाहा. महिनाभर व्रत पाळणारे संन्यासी बहुतेक खालच्या मानलेल्या जातींचे. तेवढ्या काळापुरते ते गळ्यात सूत घालून शिवाच्या गोत्राचे होतात आणि गाव त्यांना मान देतो. चरक नावाच्या खांबाभोवती पाठीत गळ टोचून फिरण्याची चाल सरकारने 1865 मध्ये बंद केली, वरच्या वर्गाने नाके मुरडली, तरी गाजन राहिले. एक महिन्याची प्रतिष्ठा खोटी म्हणावी की खरी?

साशंक : वैशाखाच्या पहिल्या दिवशी ते सूत उतरते आणि त्याच दिवशी दुकानात वही उघडते. खरी असती तर ती त्या दिवसापलीकडे टिकली असती. अगदीच खोटी असती तर दरवर्षी उन्हात उपवास करून ती मिळवायला कोणी गेले नसते. याच्या पुढे मला जाता येत नाही.

रसिक : मलाही नाही. कलकत्त्याची पूजा पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांना मात्र एवढे सांगू या, की षष्ठीला पोहोचू नका. दोन दिवस आधी जा, शियालदह स्थानकाबाहेर थांबा, एखाद्या ढाक्याला त्याचे गाव विचारा आणि मंडळाशी किती रुपये ठरले तेही विचारा. मंडप त्यानंतर पाहा.

साशंक : आणि किती ठरले ते त्याने सांगितले, तर घासाघीस करणाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याच्यादेखत पुन्हा एकदा विचारा.